दुपारी नागपूर लागत नाही

१० एप्रिल १९६४, शुक्रवार

या वहीत आजवर मळ्याखेरीज काही लिहिलं नाही. कोणत्या वाफ्याला कधी पाणी दिलं, वांग्यावर कीड कधी पडली, इंजिनात तेल कधी घातलं, एवढंच. पण आज डोकं तापलंय, आणि ज्याच्याजवळ मन मोकळं करावं असं घरात माणूस एकच, अन् भांडण तिच्याशीच झालंय. म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून लिहितो आहे.

दुपारी उत्तमराव मास्तर आले. गावची शाळा आणि टपाल दोन्ही तेच सांभाळतात. हातात लांब खाकी पाकीट, वर टाइप केलेलं नाव: सौ. सुभद्राबाई इंद्रभान, मु. पो. वडनेर भोलजी. माझ्या बायकोच्या नावानं या घरात कधी चिटोरं आलेलं नाही, म्हणून पाकीट मीच फोडलं. आत आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचं पत्र. गुरुवार, १४ मे, दुपारी साडेबाराला बायकांच्या कार्यक्रमात आपलं लोकगीत ऐकवण्यात येईल.

मला वाटलं, पत्ता चुकला. सुभद्रा पिठाचे हात पुसत आली आणि दाराआडूनच म्हणाली, “होळीच्या आंधी नांदुऱ्याच्या शाळेत टेपवाले आल्ते. तुमी मलकापूरच्या बाजारात होते. शालूबाई म्हने चाल, तं मी बी गेली.”

शालूबाई म्हणजे आमची शेजारीण. तिला कुठंही जायला निमित्त लागत नाही.

“मले विचारलं काऊन नाई?”

“तुमी नाई म्हनले असते.”

मी नाही म्हणालो असतो हे खरंच आहे. म्हणूनच राग जास्त आला. परक्या माणसांसमोर, यंत्रात तोंड घालून गायची! आमच्या वडलांच्या, बापूंच्या, वेळेस घरातल्या बाईचा आवाज ओसरीवर आला तरी ते काठी आपटायचे. सुभद्रा लग्न होऊन आली तेव्हापासून जी काही गायली ती जात्याच्या घरघरीत गायली. तीस वर्षं मी ते भिंतीपलीकडून ऐकतो आहे आणि त्यातला एक शब्द मला सांगता यायचा नाही.

मी पुष्कळ बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, “मले ते एकडाव ऐकाचं हाये. बस.”

गावात रेडिओ एकच आहे, पंजाबरावांकडे. त्यांचं-आमचं बांधावरून बोलणं बंद आहे, त्याला चार वर्षं झाली. नांदुऱ्याच्या हॉटेलात आहे, पण तिथं बायका बसत नाहीत. म्हणजे ऐकणार कशी? मी म्हणालो, “ऐकू नको.” ती आत गेली आणि आज जेवायला वाढताना एक शब्द बोलली नाही.

१३ एप्रिल, सोमवार. पाडवा

खामगावहून रेडिओ आणला. बाजारभाव कळावेत, हवामान कळावं, यासाठी आणला. मळेकऱ्याला आजकाल त्याशिवाय गत्यंतर नाही. उत्तमरावांनी विचारलं तेव्हा त्यांनाही मी असंच सांगितलं आणि ते का हसले ते कळलं नाही.

वस्तू मात्र काय आहे! लाकडाची पेटी, तिला आरशासारखी झिलई. पुढं सोनेरी धाग्याचं कापड, खाली काचेची पट्टी आणि तिच्यावर गावांची नावं. दिल्ली, मुंबई, नागपूर, लाहोर, कोलंबो. काटा फिरवला की बोटाच्या दोन पेरांत माणूस लाहोरहून कोलंबोला. मागच्या भोकांतून आत पाहिलं तर काचेच्या बारीक कुप्या उभ्या, देवघरातल्या गंगेच्या गडूंसारख्या. आमच्या आळीत वीज नाही म्हणून बॅटरीवर चालणारा घेतला. ती बॅटरी विटेएवढी, वजनाला विटेपेक्षा जास्त.

गुढी उतरवायच्या आधी सुरू केला. खर्र, खर्र. मध्ये एकदा कुत्रं रडल्यासारखं काहीतरी. बस.

मागं दोन भोकं आहेत, त्यांना तारा जोडायच्या असतात म्हणे. एक आभाळाकडे न्यायची, एक जमिनीकडे. सोबतचं पुस्तक इंग्रजीत आहे. त्यात घराचं चित्र आहे, दोन खांब आहेत, खांबांमध्ये तार आहे. मी डिझेल इंजिन एकट्यानं बसवलं आहे. दोन तारा त्या काय.

१६ एप्रिल, गुरुवार

आभाळाची तार झाली. पंचवीस फुटी दोन बांबू, एक गोठ्याच्या कोपऱ्याला, एक कडुनिंबाला. तारेच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे लट्टू बांधायचे, म्हणजे तार कशाला टेकत नाही. माझ्या गाठी सुटत होत्या. तीनदा लट्टू खाली आला, एकदा माझ्या खांद्यावर. सुभद्रा विहिरीच्या बादलीला मारतात तशी गाठ मारून देऊन गेली. ती सुटली नाही.

पेटी अजून खर्रच करते. फक्त आता जोरात.

१९ एप्रिल, रविवार

आज मोठं डोकं चालवलं. उत्तमरावांनी पुस्तक वाचून सांगितलं की दुसऱ्या तारेचं टोक तांब्याच्या पत्र्याला जोडून ओल्या मातीत पुरायचं, आणि माती कधी सुकू द्यायची नाही. वैशाखाच्या तोंडावर आमच्या गावात कधी न सुकणारी माती आणायची कुठून? विचार करत अंगणात उभा होतो आणि समोर तुळस! बारा महिने, रोज सकाळी तांब्याभर पाणी. याहून ओली आणि याहून पवित्र माती कुठली? पत्रा वृंदावनात पुरला.

सुभद्राला ते रुचलं नाही. “तुळशीले तार?” म्हणाली. पण मग स्वतःच हळदीकुंकू घेऊन आली आणि तारेलाही लावलं.

आणि संध्याकाळी सात वाजता पेटी बोलली.

हे कसं लिहू कळत नाही. खर्र खर्र चालू होतं, मी काटा केसभर हलवला आणि एक माणूस खाकरून, स्वच्छ मराठीत, मुंबईहून बातम्या सांगू लागला. मुंबई! मी आजवर पाहिलेली नाही. त्या माणसानं मध्ये श्वास घेतला तो मला ऐकू आला. कुठल्या तरी खोलीत बसलेल्या माणसाचा श्वास, आणि तो माझ्या ओसरीवर. मी टोपी काढून हातात घेतली होती हे मला बातम्या संपल्यावर कळलं. सुभद्रा उंबऱ्यात उभी होती. तिच्या अंगावर काटा आलेला कंदिलाच्या उजेडात दिसला.

ती म्हणाली, “दुपारी लागंन नं?”

मी म्हणालो, “न लागायला काय झालं?”

२२ एप्रिल, बुधवार

दुपारी लागत नाही. साडेबाराला नागपूरच्या जागेवर काटा ठेवला की भट्टीत फुटाणे भाजल्यासारखा आवाज. तीन दिवस तेच. संध्याकाळी मुंबई लागते, कोलंबो लागतं, एकदा कुठली तरी बाई कुठल्या तरी भाषेत हसत होती. पण दुपारी काही नाही.

भर उन्हात वांगी तोडताना एक विचार आला आणि मी पाटी खाली ठेवली. पेटी काही बोलणं तयार करत नाही. बोलणं आधीच इथं आहे, हवेत. आता, या क्षणी, नागपूरच्या कोणाचं तरी गाणं या वाफ्यावरून, या झाडांतून, माझ्या अंगातून जात असणार, आणि मला पत्ता नाही. मी हात पसरून उभा राहिलो. शालूबाईनं बांधावरून विचारलं, “काय हो इंद्रभानजी, ऊन लागलं काय?”

२७ एप्रिल, सोमवार

आज दुपारी पुन्हा फुटाणे. मी चिडून पेटीवर फडकं टाकलं आणि म्हणालो, “मसनात जाऊ दे तुहं गाणं. गाऊन झालं नं? मंग ऐकाची कायले एवढी हौस?”

ती खाली बसली. एवढ्या वर्षांत तिनं मला हे सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

तिची आई रुख्मिणी पटकीत गेली तेव्हा सुभद्रा चार वर्षांची. आईचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. फोटो काढायची तेव्हा रीत नव्हती. मामानं तिला वाढवलं. पुंजाजीमामा संग्रामपूरचे, अजून आहेत. ही लहानपणी काही गुणगुणली की मामा हातातलं काम सोडून म्हणायचे, पोरी, तुझ्या गळ्यात आमची रुख्मा बोलते. तोच आवाज, तसूभर फरक नाही.

“समदे म्हनत,” सुभद्रा म्हणाली. “मामा म्हने, मावशी म्हने. त्याइनं समद्यांनी मायले ऐकलं. मी एकलीच राह्यली. गानाऱ्याले आपला गळा भाईरून कसा ऐकू येईन, सांगा बरं? आतून ऐकलेला आवाज थो नसते. नांदुऱ्याले टेपवाला म्हने, बाई, आता तुमी स्वताले ऐकसान. मी तवाच ठरवलं. माहा आवाज नाई ऐकाचा मले. मायचा ऐकाचा हाये.”

बाई, असं कुठं असतं का, हे तोंडावर आलं होतं. बाहेर जाऊन बांबू एक हात आणखी उंच केला.

३ मे, रविवार

मळ्यातून आलो तर आभाळाच्या तारेवर कुरडया वाळत घातलेल्या! गोठ्यापासून कडुनिंबापर्यंत, माळच्या माळ. आखाजी, अक्षय्य तृतीया, जवळ आली म्हणून घराघरांत हेच चालू आहे, खाटा पुरत नाहीत, हे मान्य. पण त्या तारेनं लंडन येतं! मी ओरडलो. शालूबाई म्हणाली, “लंडनवाल्याइले बी खाऊ द्या हो दोन.” सुभद्रा तोंडाला पदर लावून हसली. दहा एप्रिलपासून आज पहिल्यांदा हसली, म्हणून मी पुढं बोललो नाही.

कुरडया काढल्या तरी दुपारी नागपूर नाहीच. अकरा दिवस उरले.

७ मे, गुरुवार

खामगावला गेलो. दुकानात दुरुस्तीला बसणारा माणूस कामात होता. त्यानं मान वर न करता विचारलं, “जमिनीची तार कोठी देली?”

“तुळशीत.”

“तुळस कायच्यात हाये?”

“वृंदावनात. दगड-चुन्याचं बांधकाम. बापूंनी बांधलेलं.”

“जमिनीपासून किती वर?”

“दोन-अडीच हात.”

त्यानं हातातलं ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. “भाऊ, थे तं दगडाची कुंडी झाली. जमीन कोठी हाये त्यात? जमिनीत गाडा. खाली. जमिनीत. रातच्याले दूरचं कसंबी येते, दिवसा नागपूर पाह्यजे असंन तं जमीन पक्की पाह्यजे.”

जन्म गेला जमिनीत आणि जमीन म्हणजे काय हे मला खामगावच्या दुकानात शिकावं लागलं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. तुळशीची माफी मागितली. तीन आठवडे वाया घातले ते माझे नव्हते, सुभद्राचे होते.

९ मे, शनिवार

काल आणि आज खणलं. चार हात खड्डा, ओसरीच्या मागच्या भिंतीला लागून. इंजिनाचा जुना लोखंडी नळ, त्याला भोकं पाडली, म्हणजे वरून ओतलेलं पाणी खालपर्यंत जाईल. नळाला पत्रा, पत्र्याला तार. भोवती कोळसा आणि मीठ घालायचं होतं. सुभद्रा म्हणाली, “मीठ कायले इकत आनता? आपल्या मातीत पह्यलेच हाये.” खरंच आहे. उन्हाळ्यात आमच्या रानावर पांढरा थर येतो, विहिरीचं पाणी मचूळ. जन्मभर त्या मातीला शिव्या दिल्या. आज पहिल्यांदा वाटलं, कामाची आहे.

दोन हंडे पाणी ओतलं. आत येऊन काटा लावला. बरोबर साडेबारा.

नागपूर!

फुटाणे बंद. एक बाई लोणच्यात मोहरी किती घालावी ते सांगत होती, जशी काही आमच्या चुलीपाशी बसली आहे. भर दुपारी, लख्ख उन्हात, इतक्या कोसांवरून. सुभद्रानं पेटीला नमस्कार केला. मीही केला, तिचं लक्ष नसताना.

पंधरा मिनिटांनी आवाज बारीक झाला आणि गेला. बाहेर जाऊन पाहिलं तर नळाभोवतीची माती कोरडी ठक्क. काळी माती सुकली की आक्रसते, नळापासून सुटून बाजूला होते. भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला. हंडाभर पाणी ओतलं, पुन्हा बाई. पुन्हा दहा मिनिटं. ही जमीन पाणी पीत नाही, गिळते.

१२ मे, मंगळवार

पुंजाजीमामा आले. ऐंशीच्या घरात, डोळ्यांनी अधू, कान मात्र तल्लख. आखाजीला भाचीकडे जेवायचं आणि पेटीतली भाची ऐकायची म्हणून संग्रामपूरहून दोन एसट्या बदलून. रुख्मिणीला ऐकलेलं आता हे एकच माणूस उरलं आहे.

विहीर तळाला गेली आहे. बादली दगडाला लागते आणि गढूळ येतं. सगळी आळी एका विहिरीवर, सकाळी दोन हंडे मिळाले तरी पुष्कळ. मला पाण्याची काळजी वाटते. सुभद्राला मी तसं बोललो नाही.

१४ मे, गुरुवार. आखाजी

क्रमानं लिहितो, नाहीतर राहून जाईल.

सकाळी बापूंच्या नावानं घागर पुजली. मातीची नवी घागर, भरून, गव्हाच्या राशीवर ठेवलेली, वर आंबा. उन्हाळ्याच्या दिवसांत पितर तहानलेले असतात, वर्षातून एकदा त्यांना हे पाणी. संध्याकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. बापू गेल्यापासून अकरा वर्षं यात खंड नाही. घरात बाकी पाणी दोन हंडे आणि अर्धा रांजण.

अकरापासून माणसं यायला लागली. ओसरी भरली, अंगण भरलं. प्रत्येक जण उन्हातून आलेला, प्रत्येकाला पाणी. सणाच्या दिवशी दारी आलेल्याला पाणी नाही कसं म्हणायचं? रांजण आटताना मी पाहत होतो.

मामांना पेटीसमोर बसवलं. सुभद्रा सवयीनं आतल्या दाराआड जाऊन उभी राहिली. मी म्हणालो, “भाईर ये. समोर बस.” ती थबकली. ओसरीवर एवढी माणसं, आणि वर बापूंचा फोटो. मी पुन्हा म्हणालो, “समोर.” ती येऊन मामांशेजारी बसली.

सव्वाबाराला एक हंडा नळात ओतून आलो. नागपूर स्वच्छ. साडेबाराला कार्यक्रम सुरू झाला. आधी मुलांच्या गोवराबद्दल एक डॉक्टरीणबाई बोलल्या. त्या बोलत राहिल्या, बोलत राहिल्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर माती सुकत होती. मग निवेदिका म्हणाली, आता ऐकू या बुलढाणा जिल्ह्यातलं एक लोकगीत, गायिका सुभद्राबाई, साथीला शालूबाई.

आणि खर्र झालं.

मी उरलेला हंडा उचलून मागं धावलो. ओतला. खिडकीत शालूबाईचं डोकं. “आला! आला आवाज!” आतून चिडीचूप. मी श्वास सोडला. तेवढ्यात, “गेला हो! टाका, आखीन टाका!” रांजण तिरका करून तळाचं होतं तेवढं कळशीत घेतलं, ओतलं. “आला!” मिनिटभर. “गेला!”

पाणी संपलं. विहीर दोन आळ्या पलीकडे, आणि तिथंही रांग. गाणं चार मिनिटांचं, त्यातली दोन गेली असतील. मी देवघरापाशी उभा होतो. समोर बापूंची घागर.

मोठ्यानं म्हणालो की मनात, आठवत नाही. म्हणालो, बापू, आज तुम्ही तहानलेले राहा. तुम्ही तिला जात्याआड ठेवलं आणि तुमच्यामागं मीही तसंच ठेवलं. पाप लागेल ते मला लागो. आंबा बाजूला ठेवला, घागर उचलली, मागच्या दारानं गेलो.

एकदम ओतली नाही. वांग्याच्या रोपाला घालतात तशी बारीक धार, नळातच, एक थेंब बाजूला नाही. “आला,” शालूबाई म्हणाली, आणि मग ती काहीच बोलली नाही. धार चालू होती. भिंतीपलीकडून काहीतरी येत होतं, वर चढत होतं, पण शब्द नाही, सूर नाही, नुसता नाद. मी गुडघ्यावर बसलो होतो, ऊन पाठीवर. घागर रिकामी व्हायला आणि आत निवेदिकेचं बोलणं सुरू व्हायला एकच गाठ पडली.

आत गेलो. कोणी हलत नव्हतं. मामांच्या डोळ्यांतून धारा. ते पेटीच्या कापडाला हात लावत म्हणत होते, “रुख्मा. रुख्माच हाये हे. पोरी, तुही मायच आली होती.” सुभद्राचे डोळे कोरडे. एक हात गळ्यावर, नजर पेटीवर.

मी तिच्याजवळ वाकून विचारलं, “भेटली काय माय?”

तिनं मान हलवली. “नाई.”

सगळं पाणी, बापूंचंसुद्धा, मातीत गेलं असं वाटलं.

“मामा म्हनते माय होती,” ती हळूच म्हणाली. “त्याइले भेटली असंन. मले तं मीच भेटली. मी पाह्यतच राह्यली, हे कोन गाऊन राह्यलं म्हनून. अहो, एवढा मोठा हाये माहा आवाज?”

मी म्हणालो, हो, मोठा आहे. काय सांगणार? मी ऐकला कुठं होता? भोवती पन्नास माणसं होती आणि त्या सगळ्यांनी माझ्या बायकोला ऐकलं होतं, माझ्याशिवाय. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पंजाबराव अंगणाच्या कडेला उभे होते हे तेव्हा दिसलं. जाताना त्यांनी मला मान लववली. मीही लववली.

माणसं पांगली, मामा लवंडले. सुभद्रा देवघराकडे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. गव्हाच्या राशीवर नुसती खळी आणि बाजूला आंबा. आली तेव्हा हातात रिकामी घागर होती. तिनं माझ्या चिखलानं भरलेल्या धोतराकडे पाहिलं.

“तुमी ऐकलं नाई,” ती म्हणाली.

“ऐकलं थोडं.”

“काई ऐकलं नाई तुमी.”

ती घागर घेऊन विहिरीवर गेली. तासाभरानं भरून आणली, गव्हावर ठेवली, आंबा ठेवला, बापूंना हात जोडले. मग ओसरीवर आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. जातं नाही, शालूबाई नाही. पेटीवर फडकं टाकलेलं. घसा साफ केला आणि म्हणू लागली.

पाटाचं पाणी बाई वाफ्यावाफ्याले वळतं,
माहेराचं नाव घेता मन मांगंच पळतं.

नागपूरनं ऐकवलं ते हेच, रुख्मिणीनं मळ्यात पाणी देताना बांधलेलं आणि मावशीनं सुभद्राला शिकवलेलं गाणं. सहा कडवी आहेत. आज कळलं. पाट कसा फुटतो, मेथीच्या वाफ्यात पाणी कसं शिरतं, तोंडाला माती लावून ते कसं थांबवायचं, सगळं त्यात आहे, माझा रोजचा धंदा, आणि ते माझ्याच घरात भिंतीपलीकडे तीस वर्षं चालू होतं. तिसऱ्या कडव्याला तिनं डोळे मिटले आणि आवाज वर गेला. माझ्या दंडावर काटा उभा राहिला. मुंबईच्या माणसाला ऐकून टोपी काढली होती, आज टोपी डोक्यावर आहे की नाही हेही सुचलं नाही. माझ्याच घरातली बाई ही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

संपल्यावर ती म्हणाली, “बोला नं काई.”

मी म्हणालो, “आखीन एकडाव म्हन.”

तिनं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.